जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन बघून आलो: रंगवलेला बरा की गंजलेला?

लोखंड्या (धागाकर्ता) | रवि, रात्री १०.१०

दोन दिवस जुन्या ट्रॅक्टरांच्या आणि शेतीयंत्रांच्या प्रदर्शनात काढले. पायांचे तुकडे पडलेत, शर्टाला रॉकेलचा वास मारतोय, तरी लिहायला बसलोय. आज नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

पहिल्याच रांगेत एक फार्मॉल ट्रॅक्टर होता. लालभडक. इतका चकचकीत की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. बोल्टांची डोकीसुद्धा पॉलिश केलेली, टायरांना काळं फासलेलं. दोन दिवसांत मी सहा-सात वेळा तिथून गेलो, एकदाही तो सुरू दिसला नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला, "धुरानं रंग खराब होतो हो."

त्याच्या शेजारी जेमतेम दोन हात जागा सोडून एक लान्झ बुलडॉग. रंग असा काही उरलेलाच नाही. तेल, माती आणि गंज यांचं मिळून एक तपकिरी कातडं झालेलं. त्याचा म्हातारा मालक गुडघ्यावर बसून पुढच्या लोखंडी गोळ्याखाली ब्लोलॅम्प पेटवत होता. दहा-पंधरा मिनिटं नुसतं भरभर भरभर. गोळा लालसर झाल्यावर गड्यानं चक्क स्टिअरिंगच दांड्यासकट उपसून काढलं, बाजूच्या फ्लायव्हीलच्या मधोमध खुपसलं आणि झोके द्यायला लागला. एकदा मागे, एकदा पुढे. तिसऱ्या झोक्याला धाडकन आवाज, आभाळात धुराचं एक काळं वर्तुळ, आणि तो अख्खा ट्रॅक्टर जागच्या जागी उड्या मारायला लागला. १०.३ लीटरचा एकच सिलिंडर! फार्मॉलभोवतीची सगळी गर्दी दोन मिनिटांत इकडे. (मीपण.)

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. जीर्णोद्धार म्हणजे नक्की काय? यंत्र कारखान्यातून निघालं तसं दिसणं, की कारखान्यानं ज्या कामासाठी बनवलं ते काम करणं? माझं मत सांगून टाकतो: जे यंत्र सुरू होत नाही ते फर्निचर. बोला आता.

ता.क. प्रश्नात स्वार्थ आहे. माझ्याकडे एक फर्ग्युसन टीई२० ट्रॅक्टर येऊन पडलाय. इंजिन जाम. रंगाचे तीन थर, तिन्ही चुकीचे.

---

मॅग्नेटो | रवि, रात्री ११.०२

धागा आवडला. बुलडॉगवर थोडी भर घालतो.

हे हॉट बल्ब इंजिन. स्पार्क प्लग नाही आणि डिझेलइतकं कॉम्प्रेशनही नाही. तापलेल्या गोळ्यात इंधनाचा फवारा गेला की पेट घेतो, आणि एकदा चालू झालं की स्वतःच्याच उष्णतेनं गोळा तापलेला राहतो. त्यामुळे त्याच्या पोटात काहीही ढकला, कच्चं तेल, जळकं ऑइल, कुरकुर नाही. फ्रिट्झ ह्युबर नावाच्या अभियंत्यानं १९२१ मध्ये जर्मनीत मॅनहाइमच्या लान्झ कारखान्यात पहिला बुलडॉग केला तो १२ अश्वशक्तीचा. त्याला रिव्हर्स गिअरच नव्हता. इंजिनच उलटं फिरवायचं! टू स्ट्रोक असल्यामुळे त्याला दोन्ही दिशा सारख्याच. इंजिन मरायला टेकेपर्यंत हळू करायचं आणि नेमक्या क्षणी इंधन द्यायचं, की ते उलट्या दिशेनं फिरायला लागतं.

याचा तोटा तुमच्या त्या म्हाताऱ्या मालकाला विचारा. झोका चुकला तर इंजिन सुरू होतं उलटं, चालकाला पत्ता नाही, पुढचा गिअर टाकला की स्वारी मागे. प्रदर्शनात बुलडॉगच्या मागे उभं राहू नये ते यासाठी.

फर्निचरवाल्या वाक्याला मात्र +१.

---

रंगारी | सोम, सकाळी ७.२५

मी तुमच्या "फर्निचर" बनवणाऱ्यांतला. चार ट्रॅक्टर रंगवलेत, चारही चालू आहेत, तेव्हा जरा दुसरी बाजू ऐका.

गंजाला इतिहास म्हणायची सध्या फॅशन आली आहे. बिडाच्या कास्टिंगवर गंज वरवर राहतो, तिथे शंभर वर्षं काही बिघडत नाही. पण मडगार्ड, टाकी, बॉनेट हे पत्र्याचं काम आतून खात जातं. तुमच्या डोळ्यांना जे सुंदर तपकिरी कातडं दिसतं ते पत्र्याच्या बाबतीत आजारपण आहे. त्याला निदान तेलाचा हात तरी द्या.

मात्र त्या फार्मॉलवर माझाही राग आहे, आणि तो वेगळ्या कारणासाठी. कारखान्यात असा रंग कधी दिलाच जात नव्हता. कास्टिंग खडबडीत असायचं, त्यावर पुट्टी कोण भरणार? रंगाचे ओघळ असायचे, बोल्टांवरूनच फवारा मारलेला असायचा, स्टिकर एखादा तिरका. आज लोक बीड घासून घासून आरशासारखं करतात, त्यावर गाडीचा चकाकता रंग चढवतात आणि म्हणतात "मूळ रूपात आणला". मूळ रूप असं नव्हतंच बाबा.

रंगाची छटाही बघत नाहीत. फार्मॉल म्हटलं की लाल, पण १९३६ पर्यंत फार्मॉल करड्या रंगात यायचे. त्याआधीचा लाल दिसला तर समजा कुणीतरी नंतर रंगवलाय. फोर्डसन ट्रॅक्टरचंही तसंच. १९३७ पासून नारिंगी, मग युद्ध आलं आणि शेतातला नारिंगी ठिपका विमानातून दिसतो म्हणून हिरवा. एकाच मॉडेलचा रंग तीन वर्षांत बदललेला. यंत्राचं साल माहीत नसेल तर ब्रश हातात धरू नये.

टीई२० चा मूळ रंग करडा. शोधायचा असेल तर टाकी उतरवा, तिच्या खाली बघा. नंबरप्लेटच्या मागे बघा. ऊन लागत नाही तिथे खरा रंग जिवंत सापडतो. आणि एक कळकळीची विनंती: जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला घासा किंवा रंग काढायची पेस्ट वापरा, तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही.

---

भिंगरी | सोम, सकाळी ९.५०

माझा अडाणी प्रश्न. अशाच एका प्रदर्शनात हिरवे जॉन डिअर होते, त्यांचा आवाज लंगडा का येतो? फट-फट... (थांबतो)... फट-फट. आधी वाटलं एक सिलिंडर बंद पडलाय. मालकाला तसं म्हणाले तर तो दुखावला. :(

---

मॅग्नेटो | सोम, सकाळी १०.१५

@भिंगरी, अडाणी कसला, फार नेमकं ऐकलंत. त्या इंजिनात दोन आडवे सिलिंडर असतात. क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) असा की एक पिस्टन पुढे असताना दुसरा मागे. यंत्र त्यामुळे कमी थरथरतं, पण फोर स्ट्रोक असल्यानं स्फोट समान अंतरानं येत नाहीत. पहिल्यानंतर १८० अंशांवर दुसरा, मग थेट ५४० अंशांनी पुन्हा पहिला. म्हणजे दोन फटके लागोपाठ आणि मग लांबलचक शांतता. "जॉनी पॉपर" हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. १९२३ च्या मॉडेल डी पासून थेट १९६० पर्यंत त्यांनी हा दोन सिलिंडरांचा हट्ट सोडला नाही.

मॉडेल डी सुरू करताना पाहिलात का? सिलिंडरांवरच्या छोट्या तोट्या उघडून कॉम्प्रेशन सोडतात, उघडं फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून ओढतात, आणि पकडलं की पळत जाऊन तोट्या बंद. नाचच असतो.

---

पाचुंदा | सोम, दुपारी २.४०

सगळे ट्रॅक्टरांवरच बोलताहेत. शेतीची यंत्रं म्हणजे नुसते ट्रॅक्टर नव्हेत हो! तिथे बाइंडर नव्हता का? गाठ मारणारा?

मी कुठल्याही प्रदर्शनात गेलो की बाइंडरपाशी बसतो आणि घरचे मला न्यायला येतात. पीक कापलं जातं, कॅनव्हासच्या पट्ट्यावरून वर चढतं, पेंढी जमते, एक वाकडी सुई सुतळी घेऊन पेंढीला वळसा घालते, आणि पक्ष्याच्या चोचीसारखा एक लोखंडी तुकडा गर्रकन एक फेरा घेतो, चोच उघडतो, सुतळीची टोकं पकडतो. गाठ! पेंढी बाहेर. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवेपर्यंत. विजेची तार नाही, सेन्सर नाही, सगळी अक्कल त्या लोखंडाच्या आकारात. जॉन ॲपलबीनं हे १८७० च्या दशकात जमवलं. त्याआधी पेंढ्या तारेनं बांधायचे, आणि तारेचे तुकडे चाऱ्यातून गुरांच्या पोटात जायचे.

लोखंड्या, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं. बाइंडरला सोन्याचा मुलामा द्या, पण चोच फिरल्याशिवाय कुणाला कळणार आहे का तिथे काय घडतं?

---

लोखंड्या | सोम, सायं. ६.३०

@पाचुंदा, बाइंडर होता, आणि तुम्हाला आठवून नाही पण मीही अर्धा तास तिथेच अडकलो होतो. शिवाय मळणी चालू होती. एक मळणी यंत्र, पन्नास-साठ फुटांवर ट्रॅक्टर, आणि मधे चामड्याचा लांबलचक पट्टा, इंग्रजी आठासारखी आढी घातलेला. आढी का, ते तिथल्या एका आजोबांनी सांगितलं: पट्टा पुलीला जास्त कवटाळतो, घसरत नाही आणि फडफडतही नाही. पट्टा ताणायला वेगळं साधन नव्हतंच. ट्रॅक्टर बोटभर मागे घ्यायचा आणि चाकांना उटी लावायची. सरळ रेषेत उभा नसेल तर पट्टा उतरतो, आणि उतरलेला पट्टा चाबकासारखा बसतो. तिथे दोरी बांधून लोकांना लांब ठेवलं होतं ते बरं वाटलं.

@रंगारी, टाकीखाली पाहिलं. करडा सापडला. दंडवत.

---

वाफाळ | सोम, रात्री ९.०५

पट्टा इतका लांब का, याचं मूळ वाफेच्या इंजिनात आहे. धुराड्यातून ठिणग्या उडायच्या आणि मळणीच्या जागी सगळीकडे वाळलेला पेंढा. म्हणून इंजिन जमेल तितकं लांब. तेलावरचे ट्रॅक्टर आले तरी अंतराची सवय राहिली.

आता जरा कटू बोलतो. "चालू असेल तरच खरं" हे वाक्य वाफेच्या बाबतीत तोलून वापरा. २००१ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या मेडिना इथल्या जत्रेत केस कंपनीच्या एका जुन्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि ५ जण गेले. बाहेरून यंत्र देखणं असू शकतं, आत भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा झिजून कागद झालेला असतो. पाणी कमी झालं, माथा उघडा पडून तापला, की संपलं. त्या माथ्यात एक वितळणारा प्लग असतो, पाणी घटलं की तो वितळून वाफ भट्टीत सोडतो. पण त्यावर क्षार चढले असतील तर तोही वेळेवर वितळत नाही.

बॉयलरची जाडी अल्ट्रासाउंडनं मोजल्याशिवाय आणि थंड पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय काडी लावणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही. अशा वेळी तुमचं ते "फर्निचर" शंभर पटीनं बरं.

---

लोखंड्या | सोम, रात्री ९.४०

मान्य. शब्द मागे घेतो, बॉयलरपुरते.

---

तेराचा_पाना | मंगळ, सकाळी ८.००

तात्त्विक चर्चा चालू द्या, मी कामाचं बोलतो. टीई२० जाम आहे म्हणालात. आतापर्यंत काय काय केलंत? हातोडा हातात घेतला नाहीत ना?

---

लोखंड्या | मंगळ, सकाळी ८.२०

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवलं आहे. तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये गंजाचं कडं दिसतंय. लाकडी ठोकळा ठेवून घणाचे दोन घाव घालायच्या विचारात होतो.

---

तेराचा_पाना | मंगळ, सकाळी ८.३२

थांबा!!

त्या इंजिनाचे लायनर ओले आहेत. म्हणजे सिलिंडरची नळी ब्लॉकमध्ये नुसती बसवलेली, तिच्या बाहेरून थेट पाणी, आणि खाली आठाच्या आकाराचं पातळ गॅस्केट. पिस्टन लायनरला चिकटलाय, तेव्हा तुमच्या घावानं पिस्टनऐवजी लायनरसकट सगळं हललं तर ते गॅस्केट गेलं. मग पाणी थेट ऑइलमध्ये. हेड नसताना क्रँक फिरवला तरी तेच, पिस्टन लायनरला वर उचलतो. आधी हेडच्या स्टडवर मोठे वॉशर आणि नळीचे तुकडे घालून लायनर जागच्या जागी दाबून धरा. मग पुढचं.

पुढचं म्हणजे धीर. अर्धं ॲसिटोन, अर्धं गिअरबॉक्सचं पातळ ऑइल (ऑटोमॅटिकचं असतं ते), चारही सिलिंडरांत ओता. ॲसिटोन उडून जातं म्हणून वर झाकण. जवळ ठिणगी, बिडी, ग्राइंडर काही नको. रोज थोडं घाला आणि रोज क्रँकला पान्यानं फक्त दाब द्या. झटका द्यायचा नाही. दोन्ही दिशांना. एके दिवशी केसभर हलेल. केसभर हललं की जिंकलात.

---

रंगारी | मंगळ, सकाळी ९.१०

ॲसिटोनला बाजारात फार भाव आलाय. मी साध्या डिझेलमध्ये दोन महिने भिजवून सोडवलाय एक.

---

तेराचा_पाना | मंगळ, सकाळी ९.१४

दोन महिन्यांत तो आपोआपच सुटला असता, कंटाळून. (हलकेच घ्या.)

---

मॅग्नेटो | मंगळ, दुपारी १.२०

इंजिन भिजतंय तोवर गंजलेले छोटे भाग इलेक्ट्रोलिसिसला लावा. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार आपल्या भागाला, धन तार एखाद्या फालतू लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो, खालचं लोखंड शाबूत. धन बाजूला स्टेनलेस लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचं काही त्यात बुडवलंत तर सकाळी सापडणार नाही. आणि टब उघड्यावर, हायड्रोजन निघतो.

---

भिंगरी | मंगळ, रात्री ८.४५

टीई२० म्हणजे तेच ना, जे दक्षिण ध्रुवावर गेले होते?

---

मॅग्नेटो | मंगळ, रात्री ९.३०

तेच. एडमंड हिलरीची तुकडी ४ जानेवारी १९५८ ला फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच ध्रुवावर पोचली. चाकांवर पट्टे चढवलेले होते, बाकी शेतातलाच गडी.

पण त्याचं खरं मोठेपण मागच्या बाजूला आहे, बर्फात नव्हे. हॅरी फर्ग्युसनच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा जोडलेला असायचा. फाळ दगडाला अडला की चाकं थांबायची आणि ट्रॅक्टर त्यांच्याभोवती उलटा चढायचा, थेट चालकाच्या अंगावर. १९१७ चा फोर्डसन त्याबद्दल कुप्रसिद्ध होता. फर्ग्युसननं तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. वरचा दांडा ढकलतो, त्यामुळे नांगरावर ताण आला की ट्रॅक्टरचं नाक खाली दाबलं जातं. ताण वाढला की हायड्रॉलिक्स नांगर आपोआप थोडा उचलतात, त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. म्हणून इतका हलका ट्रॅक्टर इतकं ओढू शकतो. आजचा कुठलाही नवा ट्रॅक्टर मागून बघा, तेच तीन दांडे.

---

पाचुंदा | बुध, सकाळी ७.००

म्हणजे टीई२० रंगवून उभा करणं आणि मागे नांगर न जोडणं हे बाइंडरची चोच झाकून ठेवण्यासारखंच झालं. मी फक्त आठवण करून देतोय.

---

लोखंड्या | तीन आठवड्यांनी, रवि, रात्री ९.५०

सुटला!

सतराव्या दिवशी. पाना लावून दाब दिला आणि "टक" झालं. मला वाटलं पाना घसरला. परत उलटा दाब, परत टक. फ्लायव्हीलवर खडूची खूण केली होती ती बोटभर सरकली होती. मी एकटाच होतो, त्यामुळे किती ओरडलो ते सांगत नाही.

लायनर जागेवर आहेत (तेराचा_पाना, तुमचे उपकार). तीन नंबरच्या रिंगा तुटलेल्या निघाल्या, चारही पिस्टनना नव्या घातल्या. सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइल कसलं, काळं लोणीच होतं, पळीनं काढलं. प्लग काढून इंजिन हातानं वीस-पंचवीस वेळा फिरवलं, राहिलेला द्राव बाहेर पडला. तो आत तसाच राहिला असता तर पहिल्याच फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकला असता.

आज दुपारी बॅटरी लावली. याची गंमत म्हणजे धन टोक बॉडीला जातं. मी सवयीनं उलटं लावणार होतो, शेवटच्या क्षणी आठवलं. स्टार्टरला बटणही नाही. गिअरचाच दांडा एका जागी ढकलायचा, तिथे "एस" लिहिलंय. गिअरमध्ये असताना तो सुरू होऊच शकत नाही! पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक फुसका बार कार्ब्युरेटरमधून, माझी भुवई थोडक्यात वाचली. तिसऱ्यांदा पकडलं, आणि एक्झॉस्टमधून उंदराचं घरटं बाहेर पडलं, गवत-कापसासकट. उंदीर आधीच स्थलांतरित झाले असावेत. आधी पांढरा धूर, मग निळसर, मग जवळजवळ काही नाही. चार मिनिटं चालवलं आणि बंद केलं, कारण रेडिएटरला खालून झरा आहे.

रंगाचं: वरचे दोन थर काढणार, डाव्या मडगार्डवर मूळ करडा बराच सापडलाय, तो तसाच ठेवून वर नुसतं तेल. बाकी पत्र्याला नवा करडा, ब्रशचे फराटे दिसले तरी चालतील.

---

रंगारी | रवि, रात्री १०.०५

फराटे नकोत. फवाराच मारा, पण स्वस्तातल्या गननं, आणि पॉलिश करू नका. ओघळ आपोआप येतील.

---

पाचुंदा | रवि, रात्री १०.११

नांगर?

---

लोखंड्या | रवि, रात्री १०.२०

दोन फाळी बघून ठेवलाय. मालक द्यायला तयार आहे, पण त्यात बाभूळ उगवली आहे. आधी ती तोडायची.

---

तेराचा_पाना | रवि, रात्री १०.२२

इंची पाने घेऊन ठेवा. माझं नाव बघून फसू नका, तिथे तेराचा चालत नाही.